ताणलेल्या कागदाचे बळ

बाल्साच्या काड्यांचा नुकताच जोडून झालेला पंख एका हाताने मुळाशी धरा आणि दुसऱ्या हाताने त्याचे टोक हलकेच पिळा. रिब्ज (पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या) नीट चिकटलेल्या असतात, स्पार (पंखाचा लांब कणा) सरळ असतो, एकही सांधा सुटलेला नसतो, तरीही टोक सहज वर-खाली फिरते. त्याच पंखावर टिश्यू कागद चढवा, पाणी मारून तो आवळून घ्या, डोप नावाच्या लॅकरचे दोन हात द्या आणि मग पुन्हा पिळून पाहा. आता बोटांना चांगलाच विरोध होतो. या सगळ्यात पंखाचे वजन वाढलेले असते जेमतेम दोन-अडीच ग्रॅम.

बाल्साच्या मॉडेल विमानांबद्दल बोलताना लोक लाकडाबद्दल भरभरून बोलतात. इक्वेडोरच्या जंगलातले हे झाड सहा-आठ वर्षांत तोडायला येते. त्याचे लाकूड घनमीटरला साधारण १०० ते २०० किलो भरते, म्हणजे आपल्या सागवानाच्या सहाव्या ते तिसऱ्या हिश्शाइतके. या गोष्टी सांगण्यासारख्या आहेतच. पण कागदाचा विषय निघाला की तो शेवटचा साज म्हणून दोन वाक्यांत उरकला जातो. मला हे पटत नाही. कागद हा त्या विमानाच्या रचनेचा निम्मा भाग आहे, आणि मॉडेल मढवण्याची सारी कला म्हणजे त्या कागदातला ताण सांभाळण्याची कला आहे. कागद कोणता घ्यायचा, कोणत्या दिशेने लावायचा, पाणी कधी मारायचे, डोप किती द्यायचा या सगळ्या प्रश्नांची उत्तरे या एकाच गोष्टीपाशी येऊन मिळतात.

आधी हा ताण काय काम करतो ते पाहू. शेजारच्या दोन रिब्ज, पुढची कड आणि मागची कड मिळून एक चौकट होते. पंख पिळला जातो तेव्हा ही चौकट तिरकी होते. तिचा एक कर्ण लांबतो, दुसरा आखडतो. कोपऱ्यातला गोंदाचा सांधा इतका लहान असतो की ही तिरकस चाल तो रोखू शकत नाही. चौकटीवर कागद ताणून चिकटवलेला असेल, तर लांबू पाहणाऱ्या कर्णाच्या दिशेने कागद ओढ धरतो आणि त्याला लांबू देत नाही. आखडणाऱ्या दिशेला मात्र त्याचा उपयोग नाही. कागद ओढ सोसतो, दाब सोसत नाही, म्हणून त्या दिशेला बारीक तिरप्या चुण्या पडतात. मढवलेला पंख उजेडात धरून किंचित पिळला तर या चुण्या डोळ्यांना दिसतात, आणि उलट पिळला की त्यांची दिशाही उलटते. ऑस्ट्रियन अभियंते हर्बर्ट वाग्नर यांनी १९२९ मध्ये विमानाच्या पातळ धातूच्या पत्र्यासाठी हेच गणित मांडले. पत्र्याला चुण्या पडल्या म्हणून तो निकामी होत नाही, तिरप्या ओढीच्या बळावर तो पुढेही भार पेलत राहतो, हे त्यांनी दाखवले. धातूच्या विमानांच्या बांधणीत या विचाराचा मोठा उपयोग झाला. आपल्या हातातला पातळ टिश्यू कागद नेमके तेच करत असतो.

दुसरी गोष्ट अशी, की पंखाला वरून आणि खालून दोन्हीकडून कागद लावला की तो एक बंद नळी होतो. बंद नळी पिळाला फार चिवट असते. तीच नळी लांबीत चिरून उघडी केली की तिचा चिवटपणा जवळजवळ संपतो. घरात, सभागृहात उडवायच्या अतिहलक्या मॉडेलांचे पंख वजन वाचवण्यासाठी फक्त वरून मढवतात. तिथे हवा शांत असते आणि वेग चालण्याच्या वेगाहून कमी असतो, म्हणून ते चालते. मैदानावर उडवायच्या विमानाला खालचा कागद हवाच.

राइट बंधूंना हे चांगले उमगलेले होते. १९०३ च्या त्यांच्या विमानाचे पंख त्यांनी ‘प्राइड ऑफ द वेस्ट’ नावाच्या साध्या सुती मलमलीने मढवले होते. त्या कापडावर डोप किंवा व्हार्निश काहीच नव्हते. पण कापड त्यांनी तिरपे लावले होते. ताणे-बाणे पंखाच्या लांबीला ४५ अंशांत येतील असे बेतले होते. त्यामुळे कापडातला प्रत्येक धागा कर्णावर आला आणि चौकट तिरकी होऊ न देण्याचे काम धाग्यांनीच केले. जास्तीच्या तारा किंवा तिरप्या पट्ट्या न घालता पंखाच्या सांगाड्याला मजबुती मिळाली. त्या विमानाची छायाचित्रे पाहताना माझे लक्ष इंजिनाआधी त्या तिरप्या शिवणींकडे जाते.

एखादे खरे विमान समोर ठेवले तर पुढची प्रक्रिया सांगायला सोपी जाईल. मी हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या ‘पुष्पक’चे नाव सुचवेन. वर पंख, खाली दोन माणसे शेजारी-शेजारी बसतील अशी लहानशी केबिन, पंखाला तिरप्या आधारकाठ्या असे हे साधे विमान. १९५८ मध्ये ते पहिल्यांदा उडाले आणि पुढे देशभरच्या फ्लाइंग क्लबांत कित्येक जणांनी त्यावर उड्डाणाचे धडे गिरवले. ते घडवणाऱ्यांचे म्होरके होते डॉ. विष्णू माधव घाटगे. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेले, जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्यासारख्या गुरूच्या हाताखाली डॉक्टरेट केलेले, एचटी-२ आणि किरण या प्रशिक्षण विमानांमागचे अभियंते. पुष्पक हे कापडाने मढवलेले विमान होते. म्हणून त्याचे मॉडेल कागदाने मढवताना आपण नकलेपेक्षा थोडे अधिक काही करत असतो. मूळ विमानाच्या बांधणीतला विचारच आपण लहान मापात पुन्हा अमलात आणतो.

मूळ पुष्पकच्या पंखाचा विस्तार सुमारे ११ मीटर. त्याचे १८ पट लहान मॉडेल केले तर विस्तार ६० सेंटिमीटर आणि पंखाची रुंदी ८ सेंटिमीटर येते. वरची आणि खालची बाजू मिळून मढवायचे क्षेत्र सुमारे हजार चौरस सेंटिमीटर, म्हणजे चौरस मीटरचा दहावा हिस्सा. चांगल्या जपानी टिश्यूचे वजन चौरस मीटरला साधारण १२ ग्रॅम असते. म्हणजे अख्ख्या पंखाला कागद लागतो सव्वा ग्रॅम. आपल्या छपाईचा साधा कागद ८० ग्रॅमचा असतो. तो वापरला असता तर याच पंखावर आठ ग्रॅम बसले असते. रबराच्या पिळावर उडणारे असे मॉडेल सारे मिळून पस्तीस-चाळीस ग्रॅमचे असावे अशी अपेक्षा असते, त्यात हा फरक उडणे आणि न उडणे यांतला फरक ठरतो.

इतका पातळ कागद टिकतो कसा, याचे उत्तर त्याच्या तंतूंत आहे. लाकडाच्या लगद्याचे तंतू एक ते तीन मिलिमीटर लांब असतात. जपानी हातकागद ज्या कोझो झुडपाच्या सालीपासून करतात, तिचे तंतू सुमारे एक सेंटिमीटर लांब असतात. लांब तंतू एकमेकांवर अनेक ठिकाणी आडवे पडतात आणि प्रत्येक ठिकाणी चिकटतात, म्हणून कागद पातळ असूनही चिवट राहतो आणि ओला झाला तरी लगेच फाटत नाही. या चिवटपणाचा एक भीषण उपयोगही इतिहासाने पाहिला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जपानने याच जातीच्या कागदाचे थरावर थर कोन्याकू नावाच्या कंदाच्या खळीने चिकटवून दहा मीटर व्यासाचे फुगे केले आणि त्यांना बॉम्ब बांधून ते पॅसिफिक महासागरापार अमेरिकेकडे सोडले. त्यातले बरेचसे कागद चिकटवण्याचे काम शाळकरी मुलींकडून करून घेतले होते. १९४५ च्या मे महिन्यात ओरेगॉनच्या जंगलात अशा एका फुग्याच्या बॉम्बने सहा जणांचा बळी घेतला, त्यांत पाच मुले होती.

आपल्याकडे टिश्यूचा तुटवडा असला की पतंगी कागदाकडे हात जातो. दिवाळीचा आकाशकंदील घरी केलेल्या प्रत्येकाला हा कागद ठाऊक असतो: कामट्यांचा सांगाडा, खळ, आणि त्यावर तो रंगीत ताव चढवताना पडणाऱ्या सुरकुत्या. शिकण्यासाठी तो वाईट नाही. मात्र त्याचा रंग पाण्याने उतरतो की नाही हे आधी तुकड्यावर पाहून घ्यावे आणि ओला असताना त्याला बोट लावू नये, कारण ओलेपणी त्यात जीव राहत नाही. स्पर्धेचे किंवा मनापासून केलेले मॉडेल असेल तर खऱ्या टिश्यूसाठी थांबावे.

टिश्यूच्या तावाला दोन गुण असतात, ते हातात घेतल्याबरोबर ओळखायला हवेत. एक म्हणजे त्याची एक बाजू चकचकीत आणि दुसरी खरखरीत असते. चकचकीत बाजू बाहेर ठेवायची. दुसरा गुण म्हणजे तंतूंची दिशा. तावाच्या कोपऱ्यातून पट्टी फाडून पाहावी. तंतूंच्या दिशेने कागद सरळ फाटत जातो, आडव्या दिशेने वेडावाकडा फाटतो. पंखावर ही दिशा पंखाच्या लांबीला समांतर ठेवतात, फ्यूजलाजवर, म्हणजे विमानाच्या धडावर, नाकापासून शेपटीकडे. कागद तंतूंच्या दिशेने अधिक ताठ आणि मजबूत असतो, आणि पंखाला वाकवणारा भारही लांबीच्याच दिशेने येतो. दोन रिब्जच्या मध्ये कागद खाली बसून पंखाचा आकार बिघडू नये यासाठीही हीच दिशा उपयोगी पडते. ओला होऊन वाळताना मात्र कागद आडव्या दिशेने जास्त हलतो, कारण पाण्यात तंतू जाडीत फुगतात, लांबीत फारसे वाढत नाहीत.

कागदाला हात लावण्यापूर्वी सांगाड्याला वेळ द्यावा लागतो. गोंदाचा एक थेंब, एक उंच राहिलेली रिब, स्ट्रिंगरची (धडाच्या लांबीत जाणाऱ्या काडीची) एक खोच, काहीही राहिले की कागद ते झाकत नाही, उलट उठवून दाखवतो. सपाट लाकडी ठोकळ्याला ३२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून तो सांगाड्यावरून हलक्या हाताने फिरवायचा, एकाच वेळी तीन-चार रिब्जवरून जाईल असा. फ्यूजलाजवर स्ट्रिंगरच्या मधला फॉर्मरचा (धडाच्या आडव्या चौकटीचा) भाग किंचित आत कोरून घ्यायचा, म्हणजे कागद फक्त स्ट्रिंगरवर टेकेल. मग जिथे जिथे कागद चिकटणार आहे त्या लाकडावर पातळ डोपचे दोन हात. पहिल्या हाताने बाल्साची लव उभी राहते, ती घासून काढायची आणि दुसरा हात द्यायचा. हे काम कंटाळवाणे आहे हे मान्य, पण मढवून झाल्यावर ते दुरुस्त करण्याची सोय नाही.

चिकटवण्याच्या पद्धती तीन-चार आहेत. पूर्वी गव्हाच्या पिठाची खळ वापरत. ती स्वस्त आणि हलकी असते, पण झुरळांना आवडते. फेव्हिकॉलात तेवढेच पाणी घालून ब्रशने कडांना लावणे हा आपल्याकडचा सोपा मार्ग. कागद ठेवल्यावर अर्धा-एक मिनिट तो सरकवून नीट करता येतो. कागदाला ओल नको असेल तेव्हा ग्लू स्टिक बरी. मला सगळ्यात आवडते ती जुनी पद्धत: सांगाड्यावर आधीच वाळलेला डोप असतो, त्यावर कोरडा कागद पसरायचा आणि कागदावरूनच थिनरचा ब्रश फिरवायचा. थिनर कागदातून झिरपून खालचा डोप विरघळवतो, डोप कागदात शिरतो आणि थिनर उडून गेला की दोन्ही एकजीव होतात. वेगळा गोंद लागत नाही, वजन वाढत नाही, आणि एखादी जागा चुकली तर पुन्हा थिनर लावून सोडवता येते.

पंखाचा खालचा भाग आधी मढवायचा. खालची बाजू सपाट असेल तर फक्त चारही कडांना चिकटवले तरी चालते. ती आत वळलेली असेल तर मात्र प्रत्येक रिबला कागद चिकटवावाच लागतो, नाहीतर आवळताना तो रिब सोडून सरळ होतो आणि पंखाचा आकारच जातो. मधून सुरुवात करून टोकांकडे, मग पुढच्या आणि मागच्या कडेकडे असा क्रम ठेवावा. कागद ओढून ताठ करण्याचा मोह टाळायचा. तो सपाट बसला, मोठी सुरकुती नाही, एवढे पुरे. आवळण्याचे काम पाणी करणार असते, आणि हाताने दिलेला ताण कधीच सगळीकडे सारखा नसतो. जास्तीचा कागद नव्या ब्लेडने दोन मिलिमीटर राखून कापायचा आणि ती पट्टी कडेवरून वळवून चिकटवायची.

खरी अडचण येते ती पंखाच्या गोल टोकाशी आणि विमानाच्या नाकाशी. सपाट कागद एका दिशेने हवा तेवढा वळतो, पण एकाच वेळी दोन दिशांना वळायला तयार होत नाही. कार्ल फ्रीडरिश गाऊस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे सिद्ध केले होते: सपाट पृष्ठभाग ताणल्या-आकसल्याशिवाय गोलावर बसवता येत नाही. यावर उपाय दोनच. एक तर तो भाग अरुंद पट्ट्यांत विभागून मढवायचा. नाहीतर कागद ओला करायचा. ओलेपणी तंतू एकमेकांवरून थोडे सरकतात, कागद थोडासा ताणला जातो आणि गोलाईवर बसतो. पंखटोकासाठी ओला कागद आणि बोटांचा हलका दाब, नाकासाठी पट्ट्या, असे मी सांगेन.

यानंतर पाण्याचा फवारा. बारीक तुषार सोडणारी बाटली घ्यावी, थेंब पडता कामा नयेत. पाणी पडताच कागद फुगतो, लोंबतो, आणि पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याला वाटते की सगळे वाया गेले. तासाभरात तो वाळतो आणि पूर्वीपेक्षा घट्ट होतो. पाणी उडून गेले तर कागद मूळच्या मापावर यायला हवा, त्याहून आखूड का होतो? कारखान्यात कागद ओढीखाली वाळवलेला असतो, त्यामुळे थोडी ओढ त्याच्या अंगातच गोठून राहिलेली असते. पाण्याने तंतूंमधले बंध सैल होतात, ती ओढ सुटते, आणि पुन्हा वाळताना आटणारे पाणी तंतूंना जवळ खेचते. कडा चिकटलेल्या असल्यामुळे कागदाला आखडायला जागा नसते, म्हणून त्याचे आखडणे ताणात बदलते. बोटाने टिचकी मारली की आवाजावरून कळते.

हाच ताण शत्रूही होतो. एका बाजूला जरा जास्त ओढ बसली की हलका सांगाडा वाकतो किंवा पिळतो, आणि पिळलेले पंख घेऊन कोणतेही विमान सरळ उडत नाही. म्हणून फवारा मारल्यावर, कागद अजून दमट असतानाच पंख सपाट फळीवर टाचण्यांनी जखडून टाकायचा. खाली प्लास्टिकचा कागद आणि त्यावर बाल्साच्या पातळ पट्ट्या ठेवायच्या, म्हणजे खालूनही हवा फिरेल. डाव्या-उजव्या पंखांत डायहेड्रल, म्हणजे टोकांकडे वर जाणारा कोन, असेल तर एका वेळी एकच बाजू. याच वेळी पंखटोकाच्या मागच्या कडेखाली दोन-तीन मिलिमीटरची पट्टी सरकवतात. त्यामुळे टोकाचा कोन मुळापेक्षा थोडा कमी राहतो. याला वॉश-आउट म्हणतात. वेग कमी झाला तर पंखाचे मूळ आधी स्टॉल होते (उचल गमावते), टोके नंतर, आणि विमान एका बाजूला कोसळत नाही. दोन्ही टोकांचा वॉश-आउट सारखा हवा. रात्रभर पंख तसाच राहू द्यावा. म्हणजे ज्या ताणाने पंख बिघडला असता, त्याच ताणाने त्याला हवा तो आकार कायमचा दिलेला असतो.

आता डोप. डोप म्हणजे द्रावकात विरघळवलेले नायट्रोसेल्युलोज. कागदही सेल्युलोज, लाकूडही बव्हंशी सेल्युलोज, आणि त्यांना एकत्र बांधणारे हे रसायनही सेल्युलोजपासूनच बनलेले. १८४६ च्या सुमारास क्रिस्टियान शोनबाइन यांनी ज्या गनकॉटनचा शोध लावला, त्याचेच हे सौम्य भावंड. नेलपॉलिशमध्ये आणि जुन्या सिनेमाच्या फिल्ममध्येही हेच असते. डोप कागदाची छिद्रे बुजवतो, दमटपणापासून त्याचे रक्षण करतो, आणि द्रावक उडून जाताना स्वतः आकसून कागदाला आणखी आवळतो. आपल्याकडे मॉडेलसाठीचा खास डोप मिळाला नाही तर फर्निचर पॉलिशचे सामान विकणाऱ्या दुकानातले एनसी क्लिअर लॅकर आणि त्याचा थिनर कामी येतो. निम्मे लॅकर, निम्मा थिनर, आणि मऊ रुंद ब्रश. एक हात वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही, आणि वरची-खालची बाजू लागोपाठ करायची म्हणजे दोन्हीकडची ओढ सारखी राहते.

या डोपचे आकसणे मात्र एका दिवसात थांबत नाही, ते महिनोन्महिने हळूहळू चालू राहते. फडताळात ठेवलेले विमान वर्षाने वाकडे झालेले दिसते ते यामुळे. उपाय आपल्या स्वयंपाकघराच्या आसपासचाच आहे: डोपात एरंडेलाचे काही थेंब. एरंडेल उडून जात नाही, नायट्रोसेल्युलोजच्या रेणूंमध्ये राहून ते थराला मऊ ठेवते आणि आकसण्याचा जोर कमी करते. शेपटीच्या पातळ पृष्ठभागांना तर मी एरंडेल घातलेलाच आणि अगदी पातळ डोप देईन, तोही एकच हात. त्याहून बरे म्हणजे शेपटीसाठी आधी एका रिकाम्या चौकटीवर पाणी मारून आवळून घेतलेला कागद वापरावा, म्हणजे नाजूक काड्यांवर ओढ येतच नाही.

डोपचे काम खिडक्या उघड्या ठेवून, देवघरातल्या निरांजनापासून आणि गॅसपासून लांब करावे. खिडक्या उघड्या ठेवण्याचा इशारा उगाच नाही. पहिल्या महायुद्धात विमानाच्या लिननला लावायच्या एका डोपमध्ये टेट्राक्लोरोइथेन हे द्रावक असे. १९१४ पासून इंग्लंडच्या विमान कारखान्यांत, लंडनजवळच्या हेंडनमध्ये, हा डोप लावणाऱ्या कामगारांना कावीळ होऊ लागली आणि काही दगावले. त्यांत बऱ्याच स्त्रिया होत्या. यकृत निकामी करणारे हे द्रावक १९१६ मध्ये तिथे बाद झाले. आकाशात लढणाऱ्या वैमानिकांची नावे आपल्याला पाठ असतात, त्यांचे पंख ताठ करता करता जीव गमावलेल्या या बायकांची नाही.

कापड आणि डोप ही जोडी दुसऱ्या महायुद्धातही कामात होती. हरिकेन विमानाच्या शेपटीकडचा भाग डोप दिलेल्या लिननचा होता. ब्रिटिशांचे मॉस्किटो तर बर्च प्लायवूडच्या दोन थरांमध्ये बाल्सा भरून केलेले होते आणि त्यावर मदापोलम जातीचे सुती कापड डोपने बसवलेले होते. हे कापड मुळात गोदावरीच्या मुखाजवळ, नरसापूरशेजारच्या गावात विणले जाई, आणि त्या गावावरूनच ते ओळखले जाते. नाशिकपासून नांदेडपर्यंत ज्या नदीशी आपले नाते, तिच्या काठच्या विणकरांच्या कसबाची आठवण बाल्साच्या त्या विमानाच्या अंगावरही होती, हे वाचून मला फार आनंद झाला होता.

रंगाबद्दल थोडक्यात. रंग म्हणजे वजन, आणि ते शेपटीकडे पडले तर दुप्पट-तिप्पट वजनाची माती नाकात भरावी लागते. म्हणून रंगवू नका, रंगीत टिश्यूच वापरा. पुष्पकवरची व्हीटीने सुरू होणारी नोंदणीची अक्षरे गडद टिश्यूतून कापून पातळ डोपने चिकटवली की पुरे.

आपल्या हवामानाचा या कामावर मोठा परिणाम होतो, आणि परदेशी पुस्तकांत तो सापडत नाही. कोकणात आषाढ-श्रावणात डोप दिला तर तो दुधासारखा पांढरा पडतो. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि थर धुरकट होतो. कोरडा दिवस गाठून त्यावर थिनरचा एक हलका हात दिला की बहुधा तो पुन्हा पारदर्शक होतो, पण पावसाळ्यात डोपचे काम न काढणे हेच शहाणपणाचे. मुंबईत दमट हवेत मढवलेले मॉडेल नागपूरच्या वैशाखात नेले तर कागदातली उरलीसुरली ओल जाऊन तो आणखी आवळतो, आणि पंखाला पीळ पडू शकतो. एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग शिकवले जाते, वायू सैनिक कॅम्पमध्ये त्याच्या स्पर्धा होतात. अशा मुलांना वेगवेगळ्या गावांची हवा सोसावी लागते. त्यांनी तरी मैदानावर पोहोचल्यावर पहिले काम पंख तपासण्याचे करावे. विमान मागून, शेपटीच्या बाजूने डोळ्यांसमोर धरायचे आणि दोन्ही पंखांच्या मागच्या कडा एका रेषेत ताडून पाहायच्या. पीळ दिसला तर किटलीच्या वाफेवर तो भाग धरायचा, उलट दिशेने जरा जास्तच पिळायचा आणि थंड होईपर्यंत तसाच धरून ठेवायचा. वाफेची ओल आणि ऊब कागद-डोपचा ताण क्षणभर सैल करतात, थंड होताना तो नव्या आकारात बसतो.

आता फोमची तयार विमाने दुकानात मिळतात, खोक्यातून काढून तासाभरात उडवता येतात. त्यांना माझा विरोध नाही. पण विमानाची रचना कशी काम करते हे मुलाला शिकवायचे असेल, तर त्याच्याकडून एक तरी पंख कागदाने मढवून घ्यावा. फोममध्ये भार कुठून कुठे जातो ते दिसत नाही. कागदावर त्या तिरप्या चुण्या समोर दिसतात.

कागद फाटणारच, बाभळीचा काटा आणि कुंपणाची तार यांना चुकवून कोणतेही मॉडेल जुने होत नाही. बारीक चीर असेल तर तिच्या कडा जुळवून पातळ डोप लावला की भागते. भोक मोठे असेल तर तेवढेच ठिगळ लावू नये, कारण ठिगळाभोवतीचा ताण वेगळा पडतो आणि तिथून कागद पुन्हा फाटतो. दोन रिब्जच्या मधला अख्खा चौकोन ब्लेडने रिबच्या मध्यावरून कापून काढावा, त्याच रंगाचा, तंतूंची दिशा तीच ठेवलेला नवा तुकडा कडांना चिकटवावा, फवारा त्या तुकड्यापुरताच मारावा, आणि डोप मात्र शेजारच्या दोन्ही चौकोनांवर थोडा पसरेल असा द्यावा. पंख पुन्हा फळीवर, पुन्हा टाचण्या, आणि टोकाखाली तीच दोन-तीन मिलिमीटरची पट्टी.